छोट्या लाइनचं इंजिन, तळहातावर

मे महिना, सकाळचे साडेसहा. अजनीतल्या या खोलीत काका टेबलापाशी बसलेत. आठनंतर नागपूरच्या उन्हात रंग ब्रशवरच वाळायला लागतो, म्हणून बारीक काम आत्ताच उरकायचं.

त्यांच्या तळहातावर आहे बंगाल नागपूर रेल्वेच्या सीसी वर्गाचं इंजिन. मूळ इंजिनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कारखान्यातून आली आणि आपल्या छोट्या लाइनवर, म्हणजे नॅरोगेजवर धावली. हे मॉडेल १:८७ प्रमाणातलं. छोट्या लाइनच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, त्याला ८७ ने भागलं की ८.७६ येतं. बाजारात ९ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो. हा पाव मिलिमीटरचा फरक मी तरी खुशाल सोडून देतो.

बॉयलरच्या कडेचा दांडा मात्र सोडवत नाही. तयार मॉडेलच्या खोक्यात तो प्लास्टिकलाच चिकटलेला, नुसता उठाव असतो. खऱ्या इंजिनावर माणूस तो दांडा धरून चालायचा, म्हणजे बॉयलर आणि दांडा यांच्यामध्ये बोटं जायला जागा हवी. काका ब्लेडनं तो उठाव खरवडून काढतात, हातातल्या बारक्या ड्रिलनं भोकं पाडतात आणि ०.४ मिलिमीटरची पितळी तार बसवतात. आता खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे लक्ष द्या. तारेची सावली बॉयलरवर पडली आहे. एवढ्याशा सावलीनं अख्खं इंजिन गोल दिसायला लागतं. मी हे शंभरदा पाहिलंय, तरी दर वेळी श्वास रोखला जातो.

यानंतर पाईप. मी शिकत होतो तेव्हा जिथं मोकळी जागा दिसेल तिथं एक तार डकवायचो. काका म्हणाले, "पाणी कुठून येते, कुठं जाते, ते आधी पाह्य ना बाप्पा. मग पाईप कुठं लावायचा ते कोणाला विचारा लागत नाही."

टेंडरमधलं, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यातलं पाणी इंजेक्टरमध्ये येतं. तिथं वाफेचा झोत त्याला वेग देतो आणि दाबाविरुद्ध बॉयलरमध्ये ढकलतो. वाटेत एक झडप असते, पाणी मागे फिरू नये म्हणून. हा रस्ता कळला की तार कुठं वाकवायची, कुठं सांधायची, हे हाताला उमगतं. वाळूच्या नळीचंही तसंच. घसरणाऱ्या चाकाला पकड मिळावी म्हणून वाळू चाकाच्या पुढ्यात, रुळावर पडायला हवी. मी केलेली पहिली नळी दिसायला झकास होती, पण वळणावर इंजिन दर वेळी थबकायचं. दोन्ही रुळांतून वीज वाहते आणि माझी पितळी नळी चाकाला टेकत होती. शॉर्टसर्किट! अर्धा मिलिमीटर कापला आणि गाडी चालू झाली.

मोजमापांसाठी आम्ही मोतीबागेतल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात जातो. जुन्या इंजिनांपुढे उभं राहून जे कळतं ते फोटोतून कळत नाही. पायरीची कड झिजून कुठं गुळगुळीत झाली, रिव्हेट कसे ओळीत आहेत. पंचवीस मिलिमीटरचा रिव्हेट इथं ०.२९ होतो, जेमतेम खसखशीएवढासुद्धा नाही. आता बाहेर ती गाडी दिसत नाही. छिंदवाड्याची छोटी लाइन २०१५ मध्ये बंद झाली, नागभीडची २०१९ मध्ये.

टेंडरमध्ये रंगवलेला कोळसा काकांना चालत नाही. उमरेडकडचा खरा कोळसा फडक्यात गुंडाळून हातोडीनं फोडायचा आणि चहाच्या गाळणीतून चाळायचा. मुठीएवढा ढेकूळ इथं मिलिमीटरभराचा हवा, त्याहून मोठा राहिला तर टेंडरमध्ये दगड भरल्यासारखे वाटतात.

शेवटी डाग. धुरामुळं माथ्यावर काजळी, सांध्यांवर तेलाची चकाकी आणि इंजेक्टरखाली पांढरी रेघ. उकळत्या पाण्यातला क्षार तिथं ठिबकून वाळतो. नागपूरकरांना हे समजावावं लागत नाही, आपल्या कूलरच्या टाकीच्या कडेला दरवर्षी तोच थर बसतो. काका फिकट राखाडी रंग पाण्यासारखा पातळ करतात, ब्रशचं टोक ओठांत ओलं करतात आणि वरून खाली एकच फटकारा मारतात. पुसायचं नाही, परत हात लावायचा नाही.

डाव्या बाजूची रेघ झाली. उजवी राहिली आहे. पण साडेआठ वाजलेत, ब्रशचे केस ताठ व्हायला लागले. काका झाकण लावतात. उजवी बाजू उद्या सकाळी.