मनी आधी स्टुलावर का चढते?

कोथरूडमधील एका जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, सकाळी सहाच्या सुमारास दुधाची पिशवी कापल्याचा आवाज झाला की मनी स्वयंपाकघरात येते. मनी ही 13 वर्षांची मांजरी आहे. पूर्वी ती जमिनीवरून एका झेपेत ओट्यावर जात असे. गेल्या पावसाळ्यापासून मात्र ती आधी स्टुलावर चढते, तिथे थबकते, मान वर करून अंतराचा अंदाज घेते आणि मग पुढचे पाय कडप्प्यावर टेकवून मागचे अंग कसेबसे वर ओढून घेते. घरच्या काकूंना वाटले, वय झाले. बहुतेक घरांत असेच वाटते, आणि मांजराचे दुखणे या एका समजुतीखाली वर्षानुवर्षे झाकले जाते.

अमेरिकेत 12 वर्षांवरील 100 मांजरांच्या एक्स-रे चित्रांचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांतील 90 मांजरांमध्ये सांध्यांच्या झिजेच्या खुणा आढळल्या होत्या. तरीही लंगडणारे मांजर आपल्या क्वचितच दृष्टीस पडते, कारण ही झीज पुष्कळदा दोन्ही बाजूंच्या सांध्यांत सारखीच असते आणि लंगडायला चांगला पाय उरलेलाच नसतो. शिवाय मांजर स्वतः शिकार करते, तसेच मोठे प्राणी त्याचीही शिकार करतात. एकट्याने जगणाऱ्या रानमांजराचा हा वंशज आपला दुबळेपणा सहसा उघड करत नाही. म्हणून ते काय करते यापेक्षा त्याने काय करणे सोडले, हे पाहावे लागते. मनीच्या पाठीवर, शेपटीच्या वर, केसांची जट झाली आहे, कारण मान वळवून तिथपर्यंत चाटणे तिला जमत नाही. नखे घासणे तिने सोडल्याने ती वाढली आहेत, म्हणून ती चालते तेव्हा फरशीवर नखांचा टकटक आवाज येतो. शौचासाठी ठेवलेल्या वाळूच्या पेटीची कड ओलांडताना त्रास होतो म्हणून एखादे मांजर पेटीच्या बाहेर लघवी करते आणि घरचे त्याला रागावतात, हे पाहून फार वाईट वाटते.

मांजराचा चेहराही बोलतो. कॅनडातील माँट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी 2019 साली मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. कान बाहेरच्या बाजूला वळून एकमेकांपासून दूर जाणे, डोळे बारीक होणे, तोंडाभोवतीचा भाग ताणला जाणे, मिशा सरळ ताठ होणे आणि डोके खांद्यांच्या पातळीखाली झुकणे, या पाच गोष्टींना प्रत्येकी 0 ते 2 गुण दिले जातात. 10 पैकी 4 किंवा अधिक गुण झाले तर वेदनाशामकाचा विचार करावा लागतो. मांजर झोपलेले, खात असलेले किंवा अंग चाटत असलेले नसताना, थोडा वेळ शांतपणे पाहिले तरच ही मोजणी खरी ठरते. मांजर खुशीत असल्यासारखे गुरगुरते, यावर मात्र विसंबू नये, कारण वेदनेतही ते तसेच गुरगुरते.

काही खुणा पाहिल्यावर क्षणभरही थांबू नये. बोका पेटीत पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो आणि थेंबभरही लघवी होत नाही, हे पुष्कळांना बद्धकोष्ठ वाटते; लघवीचा मार्ग बंद झालेला असेल तर एकदोन दिवसांत त्याचा जीव जाऊ शकतो. आणि घरातल्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये. तिचा निचरा करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फार कमी असते, रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, आणि एकच गोळी प्राणघातक ठरू शकते.

दवाखान्याच्या टेबलावर मनी दगडासारखी बसून राहिली. रिक्षाचा आवाज, अनोळखी वास, शेजारच्या पिंजऱ्यातला कुत्रा, एवढ्यात कोणतेही मांजर आपले दुखणे दाखवणार नाही. काकूंनी मोबाइल पुढे केला. त्यात स्टुलावरून ओट्यापर्यंतचा तो वीस सेकंदांचा प्रवास होता. डॉक्टरांनी तो दोनदा पाहिला आणि मगच मागच्या पायांचे सांधे हलक्या हाताने दाबून पाहिले.

आता स्टुलाच्या अलीकडे एक पाट ठेवलेला असतो. औषध सुरू होऊन तीन आठवडे झाले आहेत. काकू रोज सकाळी त्याच जागी उभ्या राहून तेवढेच चित्रण करतात, कारण गुण येतो आहे की नाही हे डॉक्टर त्यावरूनच ठरवणार आहेत.