मेणात रुतलेले मणी: हुइचोल लोकांची कला

सुईच्या टोकावरचा हा मणी बघा, जेमतेम मोहरीएवढा असेल. तो मेणात हलकेच दाबला की लगेच पुढचा उचलायचा, मग त्याच्या शेजारी तिसरा, आणि असं करत करत अख्खी वाटी भरायची. समोर छापील डिझाईन वगैरे काही नाही, फार तर सुईने मेणावर एखादी रेघ ओढतात, बाकी रंग कुठे बदलायचा ते सगळं डोक्यातच असतं.

हे काम मेक्सिकोतल्या हुइचोल लोकांचं, ते स्वतःला विरारिका म्हणवतात. सिएरा माद्रे ऑक्सिदेंतालच्या डोंगरांत, हालिस्को, नायारित, दुरांगो या भागांत राहतात. मेण मधमाश्यांचं, त्यात पाइनच्या झाडाची राळ, ते उन्हात मऊ करून वाळवलेल्या भोपळ्याच्या वाटीत पातळ थापतात.

आता अशा वाट्या दुकानातही मिळतात, पण मुळात ही वाटी देवासाठी. पाऊस पडू दे, मका पिकू दे, पोरंबाळं धड राहू देत, हे मागणं मण्यांनी वाटीत मांडायचं आणि वाटी नेऊन गुहेत नाहीतर झऱ्यापाशी ठेवायची. पूर्वी बिया, हाडं, शिंपले, दगड यांचे मणी असायचे, काचेचे आले स्पॅनिश लोकांबरोबर, आणि आज तर ते चेक प्रजासत्ताक आणि जपानमधून येतात. मणी बाहेरून आले तरी त्यातून उमटतं ते त्यांचंच: हरीण, मका आणि पेयोटे नावाचा छोटा निवडुंग. त्यांच्या श्रद्धेत हे तिन्ही एकमेकांपासून वेगळे नाहीतच. हा पेयोटे आणायला ते सान लुइस पोतोसीच्या वाळवंटात, विरिकुताला यात्रेने जातात. हा 500 किलोमीटरहून लांब मार्ग जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, त्याच अधिवेशनात आपले मराठा किल्लेही आले.

2010 मध्ये दोन कुटुंबांतल्या आठ कारागिरांनी अख्खी फोक्सवॅगन बीटल मण्यांनी मढवली, 20 लाखांहून जास्त मणी! बॉनेटवर पावसाचे साप, टपावर सूर्य. मेण काही गाडीवर टिकणार नाही म्हणून तिथे रेझिन वापरलं.

दागिन्यांना मात्र मेण लागतच नाही. बांगडीचा रुंद पट्टा, कानातले, गळ्यातले, सगळं सुई-दोऱ्याने विणायचं, एकेका ओळीत मणी मोजत, आणि एक मणी चुकला की पेयोटेच्या फुलाची पाकळी वाकडी, मग उसवा तेवढं. म्हणून मला तरी वाटतं, असं काही घ्यायची वेळ आली तर घासाघीस करू नये आणि शक्यतो करणाऱ्याच्याच हातून घ्यावं, कारण नक्कल केलेला माल बाजारात भरपूर आहे. आणि मेणावरची वाटी घेतलीत तर ती खिडकीतल्या उन्हात अजिबात ठेवू नका, मेण मऊ पडलं की मणी जागचे हलतात.