शिवाजीनगरचा आवाज, हडपसरचा मनोरा

[रीळ फिरतं आहे. मागे तंबोरा. दहा सेकंद निवेदन नाही.]

आकाशवाणीच्या पुणे केंद्राची ही गोष्ट ध्वनिमुद्रणाच्या फितीपासून सुरू होते. ही पाव इंच रुंदीची फीत. तिच्या एका बाजूला तपकिरी लेप आहे, आवाज साठतो तो त्यात. सेकंदाला ७.५ इंच या वेगाने चालवली तर १२०० फुटांची फीत साधारण अर्धा तास पुरते. गवयाच्या अर्ध्या तासाच्या यमनची लांबी अशी फुटांत मोजता येते.

आता हात बघा. रीळ हातानेच मागेपुढे करत शब्द नेमका कुठे सुरू होतो ते कानाने हुडकायचं, पेन्सिलीने खूण करायची आणि ब्लेडने कापायचं. छेद तिरपाच हवा, कारण सरळ कापलं तर जोडावरून जाताना 'टक्' ऐकू येतं. मग मागच्या बाजूने चिकटपट्टी लावायची आणि नखाने दाबून बसवायची. निवेदकाचा खोकला, वादकाच्या हातून पडलेली हातोडी, नाटकात दोनदा आलेलं वाक्य, सगळं असंच निघायचं. कापलेले तुकडे गळ्यात मफलरसारखे लटकवून काम करणारी माणसं रेडिओत होती. त्यांचं नाव श्रेयनामावलीत कधी आलं नाही, म्हणून हे दृश्य आम्ही जरा लांबवलं आहे.

[शिवाजीनगर. रस्त्यावरची गर्दी, मग केंद्राची पाटी.]

आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ला. मुंबईचं केंद्र आधीपासून होतं आणि पुण्याचे गवई, लेखक, नट रेल्वेने तिकडे जात होते. आता माइक त्यांच्या गावात आला. या केंद्राची खरी कमाई म्हणजे कार्यक्रम इथे घडले आणि इथल्या माणसांनी घडवले.

दीडच वर्षात ते महाराष्ट्राला कळलं. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. केंद्रावरचे अधिकारी सीताकांत लाड यांच्या कल्पनेतून उभं राहिलेलं गीतरामायण त्या सकाळी सुरू झालं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. आठवड्याला एक नवं गीत, पुढच्या रामनवमीपर्यंत. त्या वर्षी अधिक मास आला, त्यामुळे गीतं ५६ झाली.

हा आठवडा कसा जात असेल याचा विचार करा. गीत लिहून व्हायचं, चाल लागायची, गायक ठरायचा, तालीम व्हायची, आणि शुक्रवार पुढच्या दाराशी उभाच. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, मालती पांडे, सुरेश हळदणकर, राम फाटक असे गळे एकाच मालिकेत आले. व्हायोलिनवर प्रभाकर जोग. पहिल्या गीताचा कागद ऐन वेळी सापडेना आणि गदिमांनी ते पुन्हा लिहून दिलं, ही हकीकत पुण्यात अजून सांगतात. सकाळी रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून बसणारी घरं होती, हेही सांगतात.

[स्टुडिओ. लाल दिवा लागतो.]

दिवा लागला की आतल्या माणसाने खुर्चीसुद्धा सरकवायची नाही. भिंतींना ही भोकं आहेत ती आवाज परत फिरू नये म्हणून. याच केंद्रात राम फाटक नोकरीला होते. 'स्वरचित्र' कार्यक्रमासाठी त्यांनी नामदेवांच्या 'तीर्थ विठ्ठल'ला चाल लावली आणि ती भीमसेन जोशींच्या गळ्यात दिली. आज आषाढीला कुठल्याही मांडवात तो अभंग लागतो तेव्हा तो रेडिओच्या एका मासिक कार्यक्रमासाठी बांधला होता, हे किती जणांच्या लक्षात असतं?

मोठी नावं सोडा. स्वरचाचणीला बसलेल्या नव्या मुलीचा विचार करा. परीक्षकांना तिचा चेहरा दिसत नाही, घराणं दिसत नाही, फक्त गाणं ऐकू येतं. पास झाली की गणेशोत्सवाच्या पत्रिकेत तिच्या नावाखाली 'आकाशवाणी कलाकार' छापलं जातं. पेठेतल्या कितीतरी घरांत त्या दोन शब्दांवर मुलीच्या गाण्याला पुढे परवानगी मिळाली.

मुलांसाठी 'बालोद्यान' होतं, गोपीनाथ तळवलकर त्यातले 'नाना'. गावाकडच्या श्रोत्यांचे कार्यक्रम व्यंकटेश माडगूळकरांनी वर्षानुवर्षं सांभाळले. शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत बोलणारा माणूस त्या खुर्चीत बसला होता.

[हडपसर. मनोरा, खालून वर.]

शिवाजीनगरात बोललेलं इथे येतं. बसथांब्याचं नावच 'आकाशवाणी'. पुणे केंद्राची मध्यम लहर, म्हणजे मीडियम वेव्ह, ७९२ किलोहर्ट्झची, म्हणजे एका लहरीची लांबी जवळपास ३७९ मीटर. म्हणून एवढा उंच मनोरा लागतो. त्यावर वेगळी अँटेना शोधू नका, अख्खा मनोराच अँटेना असतो. आणि त्याचा निम्मा संसार जमिनीखाली असतो: चहूबाजूंना पुरलेल्या तांब्याच्या तारा. दिवसा ही लहर जमीन धरून चालते, म्हणून घाटाच्या वळणावर एफएमची खरखर होते तिथेही ती पोचते.

पुढे विविध भारती १०१ मेगाहर्ट्झवर आली, खासगी वाहिन्या आल्या, श्रोते वाटले गेले. जून २०२३मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा आदेश निघाला. पुण्यातून विरोध झाला, स्थगिती मिळाली. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या बातम्या ऐकत डबा भरणाऱ्या शहराला हा आदेश पटणारच नव्हता.

[पुन्हा फीत. खपली धरलेला तुकडा, जवळून.]

फीत महाग होती. कार्यक्रम वाजला की पुसून तिच्यावर दुसरा घ्यायचा, ही रेडिओची जुनी रीत. जे वाचलं, त्यातलं काही असं होतं: लेप सुटतो, थर एकमेकांना चिकटतात. प्रत्येक रीळ माणसाने बसून, एकेक करून संगणकावर उतरवून घ्यावं लागतं. या कामाला पुण्यातच माणसं आणि पैसा मिळाला पाहिजे, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

त्यात तुमचाही हातभार लागू शकतो. अनेक घरांत रेडिओवरून टेप केलेल्या कॅसेट माळ्यावर पडून आहेत. तुमच्याकडे असतील तर लगेच लावून बघू नका. आत पांढरी बुरशी दिसली तर यंत्रात घालूच नका, जाणकाराला दाखवा. बाकीच्या कोरड्या जागी, स्पीकरपासून लांब, उभ्या ठेवा. आणि कव्हरवर कोण गातंय, कुठला कार्यक्रम, अंदाजे कुठलं साल, हे घरातल्या थोरल्यांना आजच विचारून लिहून ठेवा. उतरवून घेणाऱ्याला आधी तेच लागतं.