शाईतलं तूप

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडच्या छापखान्याची गोष्ट गोव्यात सुरू होते. 1556 साली जेझुइट पाद्र्यांनी तिथे यंत्र उतरवलं. पुढे 1674मध्ये भीमजी पारेख या गुजराती व्यापाऱ्याच्या आग्रहावरून ईस्ट इंडिया कंपनीने हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईला धाडला. यंत्र आलं, कागद आला, पण देशी अक्षरांचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, काही हिल्सला पाडता येईनात. बेत बारगळला.

मला मात्र या सगळ्यांपेक्षा गणपत कृष्णाजींबद्दल बोलायचंय. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातली कामं बघून या माणसाने मुंबईत स्वतःची शिळाप्रेस उभी केली आणि 1831 साली, म्हणजे शके 1753चं, मराठी पंचांग छापलं.

पंचांगच का? अहो, ते घरोघर लागतं आणि दरवर्षी नवं लागतं! धंद्याची नजर म्हणतात ती हीच.

शिळाछापाची रीत अशी. गुळगुळीत दगडावर स्निग्ध शाईने उलटी अक्षरं उतरवायची, मग दगड पाण्याने ओला करायचा. वरून शाईचा रूळ फिरवला की ओल्या जागी ती धरत नाही, अक्षरावर तेवढी बसते. म्हणजे खिळे नकोत, ते ओळीत लावणारा जुळारी नको. वळणदार हाताचा लेखनिक मात्र हवा. बोरूवाल्यांची भाकरी यंत्राने लगेच हिरावली नाही, ती अशी.

आता खरी अडचण शाईची. तिला स्निग्धपणा हवा, आणि त्यासाठी चरबी वापरतात असा बोभाटा. असली पोथी सोवळ्यात हातात घ्यायची कशी? गणपत कृष्णाजींनी म्हणे चरबीऐवजी शाईत तूप घातलं. शास्त्रीमंडळींशी वाद घालत बसण्यापेक्षा हे बरं! माझ्या मते मराठी मुद्रणातली ही सर्वांत हुशार युक्ती.

खिळ्यांचं काम नेटाने पुढे नेलं जावजी दादाजींनी. देवनागरीचा खिळा पाडणं म्हणजे डोकेदुखी. वर वेलांटी, रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. इंग्रजीची सव्वीस अक्षरं लहान-मोठी धरून बावन्न होतात. इथे खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी मोजावे लागतात. जावजी मिशनच्याच छापखान्यात शिकलेले. 1864मध्ये त्यांनी टाईप पाडायचा कारखाना काढला, 1869मध्ये निर्णयसागर छापखाना. राणूजी रावजी आरू या कारागिराने कोरलेली ती अक्षरं इतकी सुबक, की दुसरे छापखानेही निर्णयसागरचाच टाईप विकत घेऊ लागले. पुढे ‘काव्यमाला’ या ग्रंथमालेतून संस्कृत ग्रंथ निघाले, आणि पाठभेद ताडून पाहणारे अभ्यासक आजही निर्णयसागरची प्रत आहे का, असं विचारतात.