कानफाट्याची पानगळ

दृश्य : रात्र. झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यातलं कृष्णधवल चित्रण.

डावीकडून येतोय, बघा. थांबला. मान वर केली आणि डोक्यावर आलेली ती फांदी तोंडात धरली. खात नाहीये तो. चघळतोय. आता कपाळ घासतोय, डोळ्याचा कोपरा घासतोय, पुन्हा चघळतोय. आणि आता पुढच्या पायाने खालचा पाला उकरायला लागला. काळी माती उघडी पडेपर्यंत उकरणार. शेवटी मागचे दोन्ही पाय जवळ घेतले, सांध्यांवरचे केसांचे झुपके एकमेकांवर घासले आणि त्यांच्यावरून लघवी सोडली, थेट त्या उकरलेल्या मातीत.

गेला. एक मिनिट अकरा सेकंद.

ही २९ ऑक्टोबरची पहाट, पावणेतीन वाजलेत. अमेरिकेतलं विस्कॉन्सिन राज्य, त्याचा नैर्ऋत्य कोपरा, किकापू नदीचं खोरं. हा पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा नर, इथे त्याला व्हाइटटेल म्हणतात. डावा कान टोकाला फाटलेला दिसतोय ना? कधीतरी काटेरी तारेत अडकला असावा. म्हणून आमच्या भाऊजींनी त्याचं नाव ठेवलं कानफाट्या. आणि एकदा नाव पडलं कानफाट्या, की ते पडलंच. शिंगांवरून नाव ठेवून उपयोग नसतो. ती दरवर्षी गळून पडतात आणि नवी येतात. कान तोच राहतो.

दृश्य : गॅरेज. झाकणाचा मोठा डबा उघडतो.

हे भाऊजी. माझ्या ताईचे यजमान. मूळचे साकोलीचे, नवेगावबांधच्या जंगलाच्या काठावर लहानाचे मोठे झाले. हातात दुर्बीण तिथेच आली, धनुष्य इथे आलं. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय शिकारीचा परवाना मिळत नाही. भाऊजी त्या वर्गाला बसले तेव्हा त्यांच्या बाकावर बारा वर्षांची मुलं होती.

या डब्यात त्यांचे कपडे. बिनवासाच्या साबणाने धुतलेले, अंगणात वाळवलेले, आणि घडीघडीत ओकची सुकी पानं घातलेली. घरात रोज फोडणी होते, हिंग-मोहरी-लसणाचा वास भिंतींना सुद्धा असतो, म्हणून हा डबा ऑगस्टनंतर घरात येत नाही. पलीकडे ती निळी जीन्स टांगली आहे, ती जंगलात कधीच जात नाही. हरणाला नारिंगी आणि लाल रंग आपल्यासारखे वेगळे कळत नाहीत, पण निळा मात्र फार स्पष्ट दिसतो.

भारतात १९७२च्या कायद्याने शिकार बंद आहे, आणि ती बंदच राहिली पाहिजे, असं भाऊजी ठामपणे सांगतात. इथला हिशेब वेगळा आहे. १९००च्या सुमाराला बेसुमार शिकारीने अख्ख्या अमेरिकेत ही हरणं पाच लाखांच्या आत आली होती, असा अंदाज आहे. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. मधल्या काळात कायदे झाले, हंगाम ठरले, आणि शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसला. तो पैसा १९३७पासून वन्यजीवांच्या कामासाठीच राखलेला आहे. लांडगे तर विस्कॉन्सिनमधून १९६०पर्यंत संपलेच होते. आता उत्तरेत ते परत आलेत, पण या शेतांच्या मुलखात हरणांवर खरा वचक शिकाऱ्याचाच.

दृश्य : ऑगस्ट. सोयाबीनचं शेत, संध्याकाळचं ऊन.

मागे जाऊ या. हा ऑगस्ट. पाच नर एका रांगेत, मित्रमंडळी फिरायला निघावी तसे. शिंगांवर मखमल आहे, म्हणजे जिवंत कातडी, आत रक्त वाहतंय. सस्तन प्राण्यांत इतक्या झपाट्याने वाढणारं दुसरं हाड नाही. कोणी कोणाला डिवचत नाही, मऊ शिंगाला धक्का लागला तर दुखतं.

मग दिवस लहान व्हायला लागतो. सगळं घडवून आणतो तो हा घटता उजेड. तो डोळ्यांतून मेंदूला कळतो, नराच्या अंगात टेस्टोस्टेरॉन चढतं, शिंगाचा रक्तपुरवठा थांबतो, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला एखाद्या दिवसात मखमल सोलून निघते. हे चित्र बघा. रक्ताळलेल्या चिंध्या शिंगाला लोंबताहेत आणि तो झुडपावर डोकं घासतोय.

भाऊजींना पहिल्या वर्षी याचंच नवल वाटलं होतं. आपल्याकडच्या चितळांत वर्षभर कोणत्या ना कोणत्या नराच्या डोक्यावर पक्की शिंगं असतात. इथे सगळ्यांचं एकदम, घड्याळ लावल्यासारखं. कारण पुढे हिवाळा आहे. मादीचा गर्भकाळ सुमारे दोनशे दिवसांचा. मिलन नोव्हेंबरच्या मध्यात झालं तर पाडस मेअखेरीला, कोवळ्या गवतात जन्मतं. उशीर झाला तर बर्फ पडायच्या आत ते पुरेसं वाढत नाही. इथले पुष्कळ शिकारी माजाच्या तारखा चंद्रावरून काढतात. पण गर्भाच्या वाढीवरून मागे मोजत गेलं, तर एका मुलखात तारखा दरवर्षी जवळपास त्याच निघतात.

दृश्य : झाडाचं खोड, अगदी जवळून.

हे मला सगळ्यात आवडलेलं चित्र. सीडरचं मनगटाएवढं झाड. गुडघ्यापासून कमरेपर्यंत साल सोलली आहे, आतलं लाकूड लालसर, ओलं, आणि त्यात हे तीन करडे केस चिकटलेले. भाऊजी हात लावत नाहीत. वाकून नाकाने बघतात. नराच्या कपाळाच्या कातडीत ग्रंथी असतात, शिंगाच्या बुंध्याने खोड सोलता सोलता तो आपला वास तिथे लावून जातो. सोललेली बाजू कोणती, यावरून तो कुठून आला ते कळतं. अशी सात झाडं ओळीने सापडली. ती ओळ ओकच्या धारेवरून उतरून मक्याच्या शेताकडे जाते. म्हणजे दिवसा वर झोपतो, संध्याकाळी खाली उतरतो.

आणि मघाची ती फांदी? ती या टापूतली चावडी आहे. त्या एका फांदीवर तीन आठवड्यांत सात वेगवेगळे नर आले, माद्याही येऊन वास घेऊन गेल्या. बहुतेक सगळे रात्री. नवा माणूस अशा उकरलेल्या जागेवर दिवसा मचाण बांधतो आणि आठवडा फुकट घालवतो. भाऊजींनीही घालवला होता.

दृश्य : मचाण, पहाट. एक पांढरा तंतू हवेत.

आता हे बघा. ही म्हातारी. इथे मिल्कवीड नावाचं रानटी झुडूप आहे, आपल्या रुईच्या कुळातलं. त्याची शेंग खिशात ठेवायची आणि दर थोड्या वेळाने एक तंतू सोडायचा. गालाला वारा लागतो तो फक्त इथला, आपल्या जागेवरचा. म्हातारी मात्र शंभर पावलं पुढे काय चाललंय ते दाखवते. ही बघा, सरळ गेली, ओढ्यावर पोचली आणि एकदम खाली बसली. सकाळी ऊन लागलं की हवा उतारावरून वर चढते, सूर्य कलला की पाण्यासारखी खोऱ्यात उतरते. आपला वास तिच्याबरोबर जातो. नाकापुढे इथे कोणाचं काही चालत नाही. या मचाणावर भाऊजी वायव्येचा वारा असेल तेव्हाच बसतात. इतर दिवशी इतर जागा, आणि काही दिवशी घरीच.

दृश्य : ऑक्टोबर. दोन तरुण नर शिंगं अडकवून.

ही भांडणं नाहीत, ही तालीम आहे. शिंगं लावायची, ढकलायचं, सोडायचं, दोन घास खायचे, पुन्हा लावायची. कोण भारी हे आत्ताच ठरलं की नोव्हेंबरमध्ये बहुतेक वेळा नुसत्या बघण्यावर भागतं. कान मागे, अंगावरचे केस उभे, तिरकी चाल.

दृश्य : ४ नोव्हेंबर, सकाळ. जमिनीवर दहिवर.

सव्वासात वाजलेत. रात्री उणे पाच होतं. मी भाऊजींच्या मागच्या झाडावर, दोघांना पट्ट्याने खोडाशी बांधलेलं. आधी आवाज आला, सुक्या पाल्यावर पळणारे पाय. मादी. तोंड उघडं, शेपूट एका बाजूला. आणि तिच्या मागे हा. नाक जमिनीला, दर दोन पावलांना डुकरासारखं गुरगुरतोय, आजूबाजूला कसलंच भान नाही. एरवी पान हललं तरी बिथरणारा प्राणी. मचाणापासून अठरा पावलांवर आडवा उभा राहिला.

भाऊजींचं धनुष्य मांडीवरच आहे. नीट बघा, त्यांनी दोरी ओढलेलीच नाही.

शिंगांना सहा टोकं, बघायला देखणी. पण टोकं मोजून वय कळत नाही, अंग बघावं लागतं. पाय लांब, पोट वर ओढलेलं, मान बारीक. शिंगं झाकली तर मादीच वाटेल. म्हणजे दीड वर्षाचा. माजात आलेल्या मोठ्या नराची मान खांद्यातून सुरू झाल्यासारखी फुगते, पोट खाली येतं, पाय आखूड वाटायला लागतात.

भाऊजींचं कुजबुजणं आवाजात पकडलं गेलंय. "हलू नकोस. जाऊ दे त्याला. पोरगा आहे."

दोन वर्षांपूर्वी याच मचाणाखाली, अशाच सकाळी, असाच एक पोरगा त्यांनी जाऊ दिला होता. त्याचा डावा कान फाटलेला होता.

मला या सगळ्या चित्रीकरणात दाखवायचं होतं ते हेच. पहिल्याच पानगळीत बेसावध झालेल्या कोवळ्या नराला पाडणं सगळ्यात सोपं असतं, आणि म्हणूनच तो हात आवरायचा. मोठे नर असलेला कळप वेगळा वागतो, हे मी तीन महिने बघितलं. संख्या आवरायची असेल तर मादी घ्यावी लागते. मनाला जड जाणारी गोष्ट आहे ही, पण पाडसं तिला होतात.

दृश्य : बाराबूजवळचं नदीकाठचं लाकडी खोपट.

याच गोष्टीसाठी आल्डो लिओपोल्डने शिव्या खाल्ल्या. हे त्याचं खोपट. १९३५ साली पिकून थकलेली जमीन घेतली, तिच्यावरचं कोंबड्यांचं खुराडं झाडून त्यात कुटुंबासह सुट्ट्या काढल्या आणि हजारो झाडं लावली. विस्कॉन्सिन विद्यापीठात तो शिकारयोग्य प्राण्यांच्या व्यवस्थापनाचा प्राध्यापक होता, आणि स्वतः धनुष्य घडवून हरणामागे जायचा. धनुष्यबाणाचा हंगाम या राज्यात १९३४ मध्ये याच भागात सुरू झाला. उत्तरेतल्या जंगलात हरणं भरमसाट वाढली होती, तोंड पोचेल तिथपर्यंत झाडं ओरबाडली जात होती आणि हिवाळ्यात पाडसं उपाशी मरत होती. लिओपोल्ड म्हणाला, माद्याही मारू द्या. १९४३च्या हंगामात ते झालं, सव्वा लाखाच्या वर हरणं पडली, आणि लोक खवळले. वर्तमानपत्रांनी त्याला खलनायक केलं. तो मागे हटला नाही. पुढे राज्याने वळण घेतलं ते त्याच्याच वाटेने, पण ते बघायला तो राहिला नाही, १९४८ मध्ये गेला.

दृश्य : ७ नोव्हेंबर. झुडपांच्या जाळीतून.

कानफाट्या. दिवसा उजेडी, पहिल्यांदाच. त्याची मादी बसली आहे, आणि तो दहा पावलांवर उभा आहे. मादी माजावर असते जेमतेम एक-दोन दिवस, तेवढा वेळ तो तिच्याजवळून हलणार नाही. मागच्या पायांवरचे झुपके काळे पडलेत, बरगड्या दिसायला लागल्यात. या महिन्यात नराचं पाचव्या हिश्श्याइतकं वजन उतरतं, कधी त्याहूनही जास्त. चाळीस पावलं, मध्ये जाळी. भाऊजी चार तास नुसते बघत बसले.

दृश्य : पेट्रोल पंप, शुक्रवारची रात्र. नारिंगी जाकिटांची गर्दी.

थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या, आधीच्या शनिवारी बंदुकीचे नऊ दिवस सुरू होतात. पाच लाखांहून जास्त माणसं जंगलात उतरतात, शाळकरी नातवंडांपासून आजोबांपर्यंत. ही रात्र सणासारखीच असते.

भाऊजींनी त्या आठवड्यात एक मादी घेतली, एका बाणात, आणि मांस तीन घरांत गेलं. सीडब्ल्यूडी नावाचा हरणांच्या मेंदूचा रोग या राज्यात २००२ मध्ये आढळला. त्याला औषध नाही. मोठ्या नरांत तो जास्त सापडतो, तरी मादीच्याही मानेतल्या गाठी तपासणीला दिल्या आणि अहवाल येईपर्यंत फ्रीझर उघडला नाही.

दृश्य : भाऊजी मादीजवळ बसलेले. हात तिच्या मानेवर. निवेदन नाही. बावीस सेकंद.

दृश्य : जानेवारी. बर्फ. रात्रीचा कॅमेरा.

तीच फांदी, खाली आता बर्फ. डावीकडून येतोय. कान बघा. डोक्यावर एकच शिंग उरलंय. फांदीकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही, सरळ सीडरच्या झाडीत चरायला गेला.

दृश्य : मार्च. विरघळता बर्फ, ओढ्याकाठ.

हे दुसरं शिंग, किंवा कदाचित पहिलं. भाऊजींना ओढ्याच्या अलीकडे सापडलं. बुंध्याशी हात लावून बघा किती खरबरीत आहे, इथूनच ते कवटीपासून सुटलं. आणि टोकाला या बारीक समांतर रेघा दिसतात, ते उंदरांचे दात. क्षारांसाठी कुरतडतात, पावसाळ्यापर्यंत अर्धं संपवतील.

भाऊजींनी ते उचललं, सगळ्या बाजूंनी बघितलं, आणि होतं तिथेच परत ठेवलं.