लेडी रोंदा: कोळशाच्या पैशावर चाललेलं साप्ताहिक

लंडन, १४ मे १९२०. 'टाइम अँड टाइड' या साप्ताहिकाचा पहिला अंक बाहेर पडतो. संपादक बाई, संचालक मंडळावर सगळ्या बायका, आणि विषय थेट राजकारणाचा. तीस वर्षांखालच्या ब्रिटिश स्त्रीला तेव्हा मताचा हक्कही नव्हता.

या साप्ताहिकामागे पैसा होता मार्गारेट हेग थॉमस, म्हणजेच लेडी रोंदा यांचा.

त्यांचा जन्म १८८३ चा. वडील डी. ए. थॉमस हे साउथ वेल्समधले कोळसाखाणींचे बडे मालक आणि खासदार. मार्गारेट त्यांची एकुलती एक लेक. वडिलांनी तिला हाताशी धरून धंदा शिकवला. पण लेकीचा जीव अडकला होता मताधिकाराच्या चळवळीत.

(दृश्य: न्यूपोर्ट, रिस्का रोड. लाल टपालपेटी.)

१९१३ साली लंडनहून आगगाडीने त्यांनी एक टोपली आणली. टोपलीत होत्या रसायनं भरलेल्या काचेच्या नळ्या. त्या त्यांनी बागेत पुरून ठेवल्या आणि एके दिवशी, चळवळीच्या निषेधाचा भाग म्हणून, टपालपेटीत टाकल्या. पेटी पेटली, अटक झाली. दंड भरून सहज सुटता आलं असतं, घरात पैशाला तोटा नव्हता. त्यांनी मात्र अस्कचा तुरुंग पत्करला आणि तिथे अन्नत्याग केला. काही दिवसांत सरकारने त्यांना सोडून दिलं.

७ मे १९१५. वडिलांबरोबर अमेरिकेहून परतताना 'लुसिटानिया' बोटीवर जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो आदळला. अवघ्या १८ मिनिटांत बोट तळाला गेली. सुमारे बाराशे माणसं दगावली. मार्गारेट यांच्या हाताला एक फळी लागली. बेशुद्धावस्थेत त्यांना पाण्यातून काढलं, तेव्हा त्या जिवंत असतील असं पाहणाऱ्यांना वाटलं नव्हतं. वडीलही वाचले.

वडिलांना व्हायकाउंट हा किताब मिळाला. मुलगा नसल्याने तो लेकीकडे जावा, अशी खास तरतूद त्यांनी करून घेतली. जुलै १९१८ मध्ये ते वारले आणि मार्गारेट लेडी रोंदा झाल्या. किताब आला, खाणी आल्या, डझनावारी कंपन्यांची संचालकपदं आली. हाऊस ऑफ लॉर्ड्स, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहातली खुर्ची तेवढी आली नाही. १९२२ मध्ये सभागृहाच्या समितीने त्यांचा दावा आधी मान्य केला. मग तेव्हाचे लॉर्ड चॅन्सेलर (सरकारातले सर्वोच्च कायदा अधिकारी) लॉर्ड बर्कनहेड यांनी विरोधात जोर लावला, प्रकरण मोठ्या समितीपुढे गेलं आणि दावा फेटाळला गेला. पुरुषाला जन्माने मिळणारी जागा बाईने मागितली, एवढाच काय तो गुन्हा. हा उघड अन्याय होता.

मग आपलं म्हणणं त्या दर आठवड्याला छापत राहिल्या. समान वेतन, मुलांच्या पालकत्वात आईचा समान हक्क, एकविसाव्या वर्षी मतदान. यातली मताची लढाई १९२८ मध्ये जिंकली गेली. १९२६ पासून संपादकपदही त्यांनी स्वतःकडे घेतलं. त्याच वर्षी इन्स्टिट्यूट ऑफ डायरेक्टर्स या कंपनी संचालकांच्या संस्थेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. व्हर्जिनिया वूल्फ आणि जॉर्ज ऑर्वेल यांनी इथे लिहिलं. पुढे साप्ताहिक स्त्रीप्रश्नापलीकडे गेलं, राजकारणात उजवीकडे झुकलं. तोटा कधी हटला नाही. त्या तो स्वतःच्या खिशातून भरत राहिल्या आणि वडिलोपार्जित संपत्तीचा मोठा भाग त्यात आटला. एवढ्या पैशात त्यांना आरामात आयुष्य काढता आलं असतं. त्यांनी अंक काढले, आणि मला यातच त्यांचं मोठेपण दिसतं.

२० जुलै १९५८ रोजी त्या गेल्या. त्याच वर्षीच्या कायद्याने स्त्रियांना तहहयात सदस्य म्हणून लॉर्ड्समध्ये प्रवेश मिळाला. वारशाने किताब मिळालेल्या स्त्रियांसाठी दार उघडलं ते १९६३ मध्ये.