सगळ्यात मोठा ससा निवडू नका

मंडळी, मांसाच्या सशांवर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात मोठा नर किती किलोचा पाहिलात? माझ्या मते पैदास करणाऱ्यानं हा प्रश्न विचारूच नये. आपण विकतो ते नऊ-दहा आठवड्यांचं, दोन-सव्वादोन किलोचं पिल्लू. पूर्ण वाढलेला ससा आपण विकत नाही, नुसता पोसतो. न्यूझीलंड व्हाइट या मांसाच्या जातीची मादी मोठी झाली की साधारण साडेचार ते साडेपाच किलो भरते. म्हणजे पिल्लू विक्रीला जातं तेव्हा ते आईच्या निम्म्याच्या आसपास असतं. तिथवर ते किती दिवसांत आणि किती खाद्यात पोहोचलं, यावर आपला सगळा हिशेब.

यात एक मेख आहे. वाढीचा वेग आणि प्रौढ वजन एकमेकांना बांधलेले आहेत. दर पिढीत दहाव्या आठवड्याची सगळ्यात जड पिल्लं ठेवत गेलात, तर ती मोठी झाल्यावरही जड निघतात. थोडंफार चालतं. पण माद्या सहा-सहा किलोच्या व्हायला लागल्या की त्या वर्षभर जास्त खातात, उशिरा वयात येतात आणि जाळीच्या पिंजऱ्यात त्यांच्या तळव्यांना जखमा होतात. काहींना मग फ्लेमिश जायंट या अवाढव्य जातीचा नर आणण्याचा मोह होतो. हाडं दणकट, पण मांस भरायला वेळ लागतो, आणि एकदा ते रक्त शिरलं की शुद्ध जात म्हणायची सोय उरत नाही. म्हणून प्रौढ वजनाला जातीच्या मापाची वरची हद्द घालून घ्या आणि सगळं लक्ष सत्तराव्या दिवसापर्यंतच्या वाढीवर ठेवा.

शुद्ध जातीत सुधारणेला जागा आहे का, असंही विचारतात. भरपूर आहे. कॅलिफोर्नियन ही जात १९२० च्या दशकात जॉर्ज वेस्ट यांनी हिमालयन, चिंचिला आणि न्यूझीलंड व्हाइट यांच्या संकरातून घडवली. न्यूझीलंड व्हाइट तर नावाला न्यूझीलंडची, घडली अमेरिकेत. या जाती माणसानं निवडून-निवडून बनवल्यात आणि एकाच जातीतल्या दोन पिल्लांत अजूनही पुष्कळ फरक सापडतो. त्यातला किती फरक रक्तातला आणि किती परिस्थितीचा, हे ओळखता आलं पाहिजे.

दोन पिल्लं घ्या, वजनकाट्यावर ठेवा. पहिलं चार पिल्लांच्या वेतातलं. पस्तिसाव्या दिवशी दूध तोडलं तेव्हा १०५० ग्रॅम, सत्तराव्या दिवशी २२५० ग्रॅम. दुसरं नऊ पिल्लांच्या वेतातलं. दूध तोडताना ७५० ग्रॅम, सत्तराव्या दिवशी २१३० ग्रॅम. कोणतं ठेवाल? हात पहिल्याकडे जातो, कारण ते १२० ग्रॅमनं जड आहे. आता वजाबाकी करा. पहिल्यानं ३५ दिवसांत १२०० ग्रॅम मिळवले, दिवसाला ३४ ग्रॅम. दुसऱ्यानं १३८० ग्रॅम, दिवसाला ३९ ग्रॅम. पहिल्याचा जडपणा बराचसा आईच्या दुधाचा होता, तिथे चार तोंडं होती म्हणून. दुसऱ्याच्या वेगात उपाशी राहिलेल्याची भरपाईही थोडी असते, हे मान्य. पण चारच्या वेतातलं जड पिल्लू डोळे झाकून ठेवणारा माणूस स्वतःच्या नकळत कमी पिल्लं देणाऱ्या माद्यांची निवड करत असतो. हे नुकसान वजनकाट्यावर दिसत नाही, चार-पाच पिढ्यांनी पिंजऱ्यात दिसतं.

म्हणून पैदाशीची पिल्लं निदान सात-आठ पिल्लं जगवणाऱ्या वेतातूनच घ्या. वेतं सारखी करता आली तर फारच उत्तम. एकाच दिवशी किंवा एक-दोन दिवसांच्या अंतरानं माद्या व्यायल्या असतील, तर पहिल्या तीन दिवसांत जास्तीची पिल्लं कमी पिल्लंवालीकडे द्या. ससाच असा की मादी दिवसातून बहुधा एकदाच, तेही काही मिनिटंच पाजते. त्यामुळे पिल्लू सरकवलं तरी सहसा ती कुरकुरत नाही. फक्त सरकवलेल्या पिल्लाची खूण करा, नाहीतर नोंदवहीत आई चुकते आणि पुढचं सगळं वाया.

मादीचं दूध कसं मोजायचं? दूध काढून कोणी मोजत नाही. एकविसाव्या दिवशी अख्खं वेत एकदम काट्यावर ठेवा. तोवर पिल्लं जवळजवळ दुधावरच असतात, त्यामुळे वेताचं वजन म्हणजेच आईच्या दुधाची पावती. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास दूध चढतीला असतं, नंतर उतरायला लागतं आणि पिल्लं खाद्याकडे वळतात.

आता थोडं गणित. समजा तुमच्या कळपाचं सत्तराव्या दिवसाचं सरासरी वजन २००० ग्रॅम आहे. त्यातून निवडलेल्या नर-मादींची सरासरी २२०० ग्रॅम. फरक २०० ग्रॅमचा. पुढची पिढी २०० ग्रॅमनं जड होईल का? नाही. वाढीच्या बाबतीत या फरकाचा साधारण पाव भाग रक्तातून उतरतो असं धरून चाला. म्हणजे ५० ग्रॅम. उरलेले दीडशे दुधाचे, खाद्याचे, हवेचे, नशिबाचे. आणि नर निवडून घेतला पण माद्या हाताला लागल्या तशा ठेवल्या, तर ५० चे २५ होतात. ऐकून तोंड उतरतं, मला माहीत आहे. पण ससा पाच-सहा महिन्यांत पैदाशीला येतो आणि गाभण काळ ३१ दिवसांचा. वर्षाला एक पिढी सहज निघते. पन्नास ग्रॅम दरसाल, तेही रक्तात कायमचे, हे काही थोडं नव्हे. वेतातल्या पिल्लांच्या संख्येबाबत मात्र हा वाटा फार कमी असतो, दहा टक्के किंवा त्याहूनही कमी. तिथे निवड करून लवकर फळ मिळत नाही. म्हणूनच स्पेनमध्ये वालेन्सियाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात दोन कामं वेगळी केली. एक वाण दूध तोडताना जगलेल्या पिल्लांच्या संख्येवर निवडला, दुसरा वाण दूध तोडल्यानंतरच्या वाढीवर. आपल्यासारख्या एका जातीच्या छोट्या कळपात हे दोन्ही एकाच मादीकडून हवं असतं. मग सबुरी ठेवावी लागते.

तुलना नेहमी बरोबरीच्यांशी करा. उन्हाळ्यातलं पिल्लू हिवाळ्यातल्याशी तोलू नका. तीस अंशांच्या वर ससा खाणं कमी करतो आणि वाढ मंदावते. सोपा उपाय असा: त्याच पंधरवड्यात जन्मलेल्या सगळ्यांची सरासरी काढा आणि प्रत्येक पिल्लापुढे ते सरासरीपेक्षा किती वर किंवा खाली आहे तेवढंच लिहा. ‘अधिक १८०’ हे ‘२१८०’पेक्षा जास्त सांगून जातं. खाद्यही मध्येच बदलू नका. १६-१७ टक्के प्रथिनं आणि किमान १४-१५ टक्के तंतू असलेलं गोळी खाद्य द्या, पाणी कायम समोर हवं. वाढ झपाट्यानं व्हावी म्हणून तंतू कमी केला तर पोट बिघडून पिल्लं दगावतात, आणि मग निवड करायला काही उरतच नाही.

निवडताना किती गोष्टी पाहायच्या, यावर माझा जरा राग आहे. प्रत्येक जादा अटीमागे वाढीवरची पकड सैल होते. कान इतके, शेपूट अशी, रंग तसा. कॅलिफोर्नियनचे कान-नाक फिके दिसले म्हणून चांगला नर काढून टाकणारे लोक आहेत. त्या पांढऱ्या जातीच्या कान-नाकाचा काळा रंग थंडीत गडद होतो आणि उष्णतेत फिका पडतो, कारण तो रंग देणारं जनुकच तापमानावर चालतं. म्हणजे शिक्षा हवामानाची, भोगतो बिचारा नर. मी तीनच गोष्टी बिनतडजोड पाहतो: समोरचे दात नीट जुळतात का, मादीला निदान आठ सडं आहेत का, आणि पाठीवर कमरेपाशी हात ठेवला तर मांस रुंद आणि भरीव लागतं का. वेड्यावाकड्या दातांचं पिल्लू कितीही वाढो, पैदाशीला नाही. बाकी सगळं काट्यावर सोडा.

नरांबाबत जास्त कडक राहा. एक नर आठ-दहा माद्यांना पुरतो, त्यामुळे कळपाचं निम्मं रक्त मोजक्या नरांतून येतं. पण एकाच ‘हिऱ्या’वर भाळू नका. सख्ख्या भावंडांची किंवा बाप-लेकीची पिल्लं २५ टक्के अंतःप्रजननाची, म्हणजे जवळच्या नात्यातल्या पैदाशीची, सावत्र भावंडांची साडेबारा टक्क्यांची. त्याची किंमत कमी पिल्लांत, मरतुकीत आणि मंद वाढीत मोजावी लागते. सोपी रीत म्हणजे कळपाचे तीन-चार गट पाडायचे. मुली आईच्याच गटात राहतात, मुलगे नेहमी पुढच्या गटात जातात. नोंदवही नसेल त्यालाही हे जमतं.

मघाशी मागून एकांनी विचारलं, बाहेरचा नर आणायचा तर केव्हा? गटांत नातं फार दाटलं आणि वेतं लहान व्हायला लागली की आणा, पण त्याच जातीचा. विकणाऱ्याकडे सत्तर दिवसांच्या वजनाची नोंद मागा. त्याच्या आईचं वेत किती होतं ते विचारा. नुसते फोटो दाखवले तर परत या. नर आणल्यावर महिनाभर वेगळ्या पिंजऱ्यात, शक्यतो वेगळ्या खोलीत ठेवा. त्यानंतरही लगेच सगळ्या माद्या त्याला देऊ नका. चार-पाच माद्या त्याच्याकडे, तेवढ्याच आणि तशाच माद्या घरच्या नराकडे, एकाच आठवड्यात. दोघांची पिल्लं शेजारी-शेजारी, एकाच खाद्यावर वाढवा आणि सत्तराव्या दिवशी तोला. पाहुण्याची पिल्लं पुढे निघाली तरच त्याचा मुलगा ठेवा.